गुठळी ओढणारं कॅथेटर तुंबू नये म्हणून: टेबलावरच्या तयारीपासून कॅनिस्टरपर्यंत

रक्तवाहिनीतली गुठळी नळीने, म्हणजे कॅथेटरने, ओढून काढण्याच्या प्रोसिजरमध्ये खोलीतले सगळे डोळे मॉनिटरवर असतात. कॅथेटर तुंबल्याची खबर मात्र मॉनिटरवर येत नाही, ती टेबलावरच्या पारदर्शक ट्यूबमध्ये येते. रक्त सरकायचं थांबतं, पंपाचा आवाज किंचित बदलतो, आणि कोणीतरी सवयीने म्हणतं, "जरा फ्लश करून बघा." म्हणजे नळीतून सलाइन पुढे ढकलून बघा. तुंबलेल्या नळीत तो फ्लश कधीही करायचा नसतो. का, ते पुढे येईलच.

हा लेख कॅथलॅबमध्ये, म्हणजे या प्रोसिजरच्या खोलीत, टेबलाशी उभं राहणाऱ्यांसाठी आहे: टेक्निशियन, स्क्रब नर्स, नव्याने हात बसवणारे डॉक्टर. औषधांचे डोस आणि कोणतं कॅथेटर वापरायचं हा निर्णय ऑपरेटरचाच. प्रत्येक उपकरणाच्या पाकिटात येणारी सूचनापत्रिका इथल्या कुठल्याही वाक्यापेक्षा वरचढ समजावी.

थॉमस फोगार्टी यांनी १९६३ मध्ये फुग्याच्या कॅथेटरचं तंत्र मांडलं. त्यात गुठळी कॅथेटरच्या आतून जातच नाही, फुगा तिला बाहेर ओढून आणतो. गुठळीला नळीच्या पोटातून बाहेर काढायचं ठरलं, म्हणजे सक्शन आलं, तेव्हापासून नळी तुंबण्याचा प्रश्न आपल्या मागे लागला.

तुंबणं तीन तऱ्हेचं असतं

पहिली तऱ्हा म्हणजे ओढलेली गुठळी टोकाशी बुचासारखी बसते. याला सगळे 'कॉर्क झालं' म्हणतात. हे नेहमी वाईट नसतं, कधी कधी तेच हवं असतं.

दुसरी तऱ्हा आपण स्वतः तयार करतो. कॅथेटरमध्ये, शीथमध्ये (कॅथेटर ज्यातून वाहिनीत जातं ती बाहेरची नळी) किंवा स्टॉपकॉकमध्ये (नळीची तोटी) रक्त थांबून राहतं आणि तिथेच नवी गुठळी धरते. रुग्णाच्या शरीरातली गुठळी काढायला गेलो आणि आपल्याच नळीत दुसरी बनवली, असा हा प्रकार. पूर्ण टाळता येण्याजोगी तऱ्हा हीच, म्हणून या लेखाचा मोठा भाग तिच्यावर आहे.

तिसऱ्या तऱ्हेत गुठळी नसतेच. नळी मुडपलेली असते, व्हॉल्व्ह जास्त आवळलेला असतो, कॅनिस्टरचं (ओढलेलं रक्त साठवणाऱ्या डब्याचं) झाकण नीट बसलेलं नसतं किंवा टोक रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटलेलं असतं. ट्यूबमध्ये दिसणारं चित्र मात्र तिन्ही वेळा सारखंच: प्रवाह बंद किंवा जेमतेम.

पायरी १: गुठळी किती जुनी, हे आधी विचारा

ताजी गुठळी लाल पेशींनी भरलेली, मऊ आणि ठिसूळ असते. ती तुकडे होऊन नळीतून जाते. जसजसे दिवस जातात तसतसं फायब्रिनचं, म्हणजे गुठळी बांधणाऱ्या धाग्यांचं, जाळं घट्ट होतं, प्लेटलेट्स तिला आवळतात आणि गुठळी रबरासारखी चिवट बनते. आणखी जुनी झाली की तिच्यात कोलॅजन येतं, ती वाहिनीच्या भिंतीला धरते, आणि मग सक्शनला दाद देत नाही. पायाच्या शिरांमधल्या गुठळीसाठी साधारण १४ दिवसांपर्यंत ताजी, १४ ते २८ दिवस मधली आणि त्यापुढे जुनी, अशी ढोबळ विभागणी वापरतात. ही विभागणी लक्षणं कधी सुरू झाली त्यावरून करतात. लक्षणं सुरू होण्याआधीच गुठळी आठवडाभर तिथे पडून असू शकते, हे विसरायचं नाही.

स्ट्रोकमध्ये साध्या सीटीवर अडलेली धमनी पांढरी, ठळक दिसत असेल तर गुठळीत लाल पेशी जास्त असण्याची शक्यता असते. तशी दिसत नसेल तर फायब्रिनवाल्या चिवट गुठळीची तयारी मनात ठेवावी. माहितीचा उपयोग एवढाच, की दुसरी योजना काय आणि त्यासाठीचं सामान कुठल्या कपाटात आहे, हे आधीच ठरतं.

पायरी २: सगळ्यात अरुंद जागा शोधा

कॅथेटरच्या पाकिटावर फ्रेंचमध्ये लिहिलेला आकार बाहेरचा व्यास सांगतो. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, म्हणून २४ फ्रेंच म्हणजे बाहेरून ८ मिलिमीटर. गुठळी जाते ती आतल्या पोकळीतून, आणि तो आकडा वेगळा लिहिलेला असतो, बहुतेक वेळा इंचात. ०.०७१ इंच म्हणजे सुमारे १.८ मिलिमीटर.

आता हिशेब बघा. टोकाशी लागणारी ओढ पोकळीच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. व्यास दुप्पट झाला तर ओढ चौपट. नळीतून वाहणारा द्रव तर व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. १.८ मिलिमीटरच्या पोकळीत आतून सगळीकडे ०.१५ मिलिमीटरचा फायब्रिनचा थर धरला, तर व्यास १.५ उरतो आणि प्रवाह निम्म्याच्याही किंचित खाली येतो. हा थर डोळ्यांना दिसणारही नाही. गुठळी आणि रक्ताचं मिश्रण पुस्तकातल्या द्रवासारखं शिस्तीत वाहत नाही हे खरं, पण दिशा हीच.

कॅथेटर जिच्यावरून आत नेतात ती ०.०३५ इंचाची वायर त्याच पोकळीत राहिली तर? मधोमध असली तर हिशेबाने प्रवाहाचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा उरतो. कडेला टेकली तर त्याहून जास्त. लहान कॅथेटरमधून ओढताना वायर काढायची की ठेवायची हा ऑपरेटरचा निर्णय आहे, पण ठेवल्यास काय किंमत पडते ते टेबलावर सगळ्यांना माहीत असावं. काही कॅथेटरसोबत टोकाशी जाड गाठ असलेली खास वायर येते, सेपरेटर म्हणतात ती. ती मात्र आत राहून काम करण्यासाठीच बनवलेली असते.

आता कॅथेटर सोडून मागे या. माझ्या मते बहुतेक टीम इथेच फसतात. महागडं मोठ्या पोकळीचं कॅथेटर घेतात आणि त्याच्या मागे ड्रॉवरमधला नेहमीचा तीन-तोंडी स्टॉपकॉक लावतात. त्याचं भोक कॅथेटरच्या पोकळीपेक्षा लहान. गुठळी अख्खी नळी पार करून येते आणि शेवटच्या दोन सेंटिमीटरवर अडकते. म्हणून केस सुरू होण्याआधी टोकापासून कॅनिस्टरपर्यंत बोट फिरवत प्रत्येक जोड बघा: कॅथेटरचा हब (मागचं तोंड), वाय-कनेक्टर (दोन फाट्यांचा जोड), स्टॉपकॉक, ट्यूब, कॅनिस्टरचं तोंड. जिथे पोकळी कॅथेटरपेक्षा लहान होते तिथला तुकडा बदला. मोठ्या भोकाचे स्टॉपकॉक मिळतात, सक्शनसाठी तेच वापरा.

ट्यूबही पाहून घ्या. मऊ एक्स्टेन्शन ट्यूब निर्वात दाबाखाली चपटी होते. पंपासोबत आलेली जाड भिंतीची ट्यूबच लावा.

पायरी ३: टेबलावरची तयारी

हेपॅरिन घातलेलं सलाइन तयार करा. एक लिटरमध्ये २,००० युनिट घातले तर मिलिलिटरला २ युनिट होतात, ५,००० घातले तर ५. आपल्या विभागात ठरलेलं प्रमाण घ्या आणि बाऊलवर, पिशवीवर लेबल लावा. रुग्णाला पूर्वी हेपॅरिनमुळे प्लेटलेट्स घटण्याचा त्रास झालेला असेल तर टेबलावर हेपॅरिनचा थेंबही नको, फ्लशमध्येसुद्धा. ही चौकशी लेबल लावण्याआधी करायची.

कॅथेटर आतून फ्लश करा, बाहेरून ओलं करा. टोकातून थेंब सलग पडले पाहिजेत, अडखळत नाही. मग व्हॅक्यूमची चाचणी: पंप जोडा, स्टॉपकॉक बंद ठेवा, काटा पूर्ण जातो का बघा. समुद्रसपाटीला चांगला पंप उणे २९ इंच पाऱ्याच्या आसपास जातो. उंचावरच्या ठिकाणी हवेचाच दाब कमी असल्यामुळे काटा तिथवर जाणार नाही. २,००० मीटरवर साडेतेवीस इंचांच्या आसपास कमाल गाठली जाते, तिथे पंप बिघडला म्हणून धावाधाव नको. त्यानंतर कॅथेटरचं टोक सलाइनच्या बाऊलमध्ये बुडवून स्टॉपकॉक उघडा. पाणी जोरात कॅनिस्टरमध्ये आलं पाहिजे. हा वेग नजरेत साठवा, पुढे तुलना याच्याशीच करायची आहे.

पंपाऐवजी ६० मिलिलिटरची लॉक होणारी सिरिंज वापरत असाल तर एक मर्यादा ध्यानात ठेवा. तिची ओढ सुरुवातीला जोरदार असते आणि सिरिंज भरत जाते तशी घटते. अर्धी भरलेली सिरिंज चिवट गुठळी धरून ठेवणार नाही. दुसरी, रिकामी, दट्ट्या मोकळा हलतो हे तपासलेली सिरिंज हाताशी तयार हवी.

पायरी ४: रक्त पातळ आहे ना?

फुप्फुसातल्या किंवा हातापायांच्या वाहिन्यांमधल्या गुठळीसाठी बहुतेक ठिकाणी एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, २५० सेकंदांच्या वर ठेवतात. ते एकदा गाठलं म्हणजे संपलं नाही. हेपॅरिनचा असर तास-दीड तासात निम्म्यावर येतो, आणि केस लांबते ती नेमकी अवघड रुग्णांत. दर २० ते ३० मिनिटांनी एसीटी मोजायचं आणि आकडा मोठ्याने सांगायचा. केसच्या उत्तरार्धात कॅथेटर वारंवार तुंबायला लागलं, तर नवं कॅथेटर मागण्याआधी शेवटचं एसीटी कधी झालं ते विचारा.

स्ट्रोकमध्ये हा नियम लागू नाही. तिथे पूर्ण हेपॅरिन दिलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. एमआर क्लीन-मेड ही चाचणी याच प्रश्नासाठी होती. ॲस्पिरिन आणि हेपॅरिन देणाऱ्या गटांत रक्तस्राव वाढल्यामुळे ती मध्येच थांबवावी लागली, निष्कर्ष २०२२ मध्ये आले. म्हणून स्ट्रोकमध्ये नळीतली गुठळी टाळण्याचं बहुतेक ओझं सलग चालणाऱ्या फ्लशवर येतं: बाहेरचं गाइड कॅथेटर आणि त्याच्या आतलं कॅथेटर, दोन्हींना प्रेशर बॅगचं वेगवेगळं सलाइन, बॅग ३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत फुगवलेली, ड्रिप चेंबरमध्ये थेंब दिसत असलेले. बॅग रिकामी होत आली की दाब पडतो आणि रक्त उलट नळीत चढतं. एका माणसाचं लक्ष त्या चेंबरवर असलंच पाहिजे.

पायरी ५: आत जाताना

कॅथेटर जागेवर पोहोचेपर्यंत आत रक्त साचू द्यायचं नाही. वायर किंवा आतलं कॅथेटर सावकाश काढा. झटक्याने काढलं तर मागून हवा आत ओढली जाते. काढल्यावर आधी रक्त ओढून घ्या, मग फ्लश. हा क्रम उलटा झाला तर आत जे काही धरलं असेल ते पुढे जातं.

डाय (वाहिन्या एक्स-रेवर दिसाव्यात म्हणून सोडायचा द्रव) मारल्यावर नळी तशीच सोडू नका. हल्ली वापरात असलेल्या नॉन-आयोनिक डायमध्ये जुन्या आयोनिक डायइतका गुठळी रोखण्याचा गुण नाही. डायमिश्रित रक्त नळीत आणि सिरिंजमध्ये थांबलं की धरतं. शिवाय डाय दाट असतो, त्यामुळे सक्शनही मंदावतं. प्रत्येक चित्रानंतर सलाइनने नळी स्वच्छ करा, रक्त लागलेली सिरिंज बाजूला टाका. मात्र हा फ्लश नळी मोकळी असल्याची खात्री असतानाच.

पायरी ६: ओढताना ट्यूब वाचा

टोक गुठळीच्या तोंडाशी आलं की स्टॉपकॉक उघडा. वाटेत आधीच उघडलात तर फक्त चांगलं रक्त कॅनिस्टरमध्ये जातं. मग ट्यूबकडे बघा.

रक्त धो-धो येतंय, म्हणजे टोक गुठळीत नाही. काही सेकंदांत बंद करा, जागा बदला. रुंद कॅथेटरमधून मोकळं रक्त बघता बघता शेकडो मिलिलिटर जातं. प्रवाह मोकळा आहे की गुठळी लागली हे ओळखून आपोआप उघड-बंद होणारे पंप याचसाठी आले. तुमचा पंप तसा नसेल तर स्टॉपकॉकवर हात ठेवून बसलेला माणूस हेच काम करतो. कॅनिस्टरचा आकडा दर खेपेनंतर बोला.

रक्त थांबत-थांबत, तुकड्या-तुकड्याने येतंय, मधूनच काळसर गोळा सरकतोय. उत्तम, नळी काम करतेय. कॅथेटर अगदी हळू पुढे न्या, गुठळीत घाईने खुपसू नका. घाईने खुपसलेलं टोक एकदम मोठा घास घेतं आणि कॉर्क होतं. सेपरेटर असेल तर तो टोकाच्या आत-बाहेर हलवत राहा, सक्शन चालू ठेवून. टोकाशी जमणारा गोळा तो फोडत राहतो. त्याचं टोक मात्र स्क्रीनवर दिसत राहिलं पाहिजे.

रक्त पूर्ण थांबलंय. आता घाई नको, पुढची पायरी.

पायरी ७: थांबलं, तर कुठे थांबलं?

बाहेरून आत तपासत या. पंप चालू आहे का, काटा कुठे आहे? काटाच पडलेला असेल तर गळती आहे: झाकण, जोड, सैल व्हॉल्व्ह. काटा पूर्ण असेल तर पुढे: कॅनिस्टरच्या तोंडाशी गोळा अडकला आहे का, ट्यूब कोणाच्या कोपराखाली दबली आहे का, स्टॉपकॉकची मूठ बरोबर दिशेला आहे का, व्हॉल्व्हने कॅथेटर आवळलंय का. मग फ्लुरोवर (चालत्या एक्स-रे चित्रात) कॅथेटरची अख्खी लांबी बघा, फक्त टोक नाही. वळणावर मुडपलेली नळी चित्राच्या चौकटीबाहेर असते आणि म्हणून सुटते.

या सगळ्यात काही सापडलं नाही, तर गुठळी टोकाशी किंवा नळीच्या पोटात आहे. आता दोन गोष्टी बंद: फ्लश आणि डाय. दोन्हींनी गुठळी पुढे फेकली जाते, तीही कदाचित आधी मोकळ्या असलेल्या फांदीत. बंद नळीत दाबाने डाय मारला तर कॅथेटर फुटूही शकतं.

स्ट्रोकमध्ये प्रवाह थांबणं म्हणजे गुठळी पकडली गेली. सक्शन तसंच ठेवून दोन-तीन मिनिटं थांबतात, जेणेकरून ती टोकात नीट रुतेल. मग कॅथेटर सावकाश मागे घेतात. मागे घेताना रक्त पुन्हा सुरू झालं तर गुठळी एक तर आत ओढली गेली किंवा सुटली. कोणतं, ते कॅनिस्टर सांगतो. बाकी ठिकाणीही थोडं थांबून, सेपरेटर हलवून बघतात, आणि नाहीच झालं तर अख्खं कॅथेटर बाहेर.

बाहेर काढताना सक्शन चालू ठेवायचं. हे एकच वाक्य भिंतीवर लावण्यासारखं आहे. हृदयविकारात हाताने गुठळी ओढण्याच्या पद्धतीवर टोटल नावाची मोठी चाचणी झाली, १०,७३२ रुग्णांची, २०१५ मध्ये निष्कर्ष आले. सरसकट वापरात फायदा दिसला नाही, उलट ३० दिवसांत स्ट्रोकचं प्रमाण ०.७ टक्के निघालं, नुसत्या अँजिओप्लास्टीत ०.३. टोकाला लटकलेली गुठळी वाटेत महाधमनीत सुटणं, हे त्यामागचं एक संशयित कारण मानलं जातं. म्हणून टोक गाइड कॅथेटरच्या किंवा शीथच्या आत येताना ओढ सैल पडता कामा नये.

टोक व्हॉल्व्हमधून बाहेर येताना व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. अर्धवट उघड्या व्हॉल्व्हच्या रबराने टोकावरची गुठळी खरवडली जाते आणि शीथच्या आत उरते. कॅथेटर बाहेर आलं की आधी शीथमधून भरपूर रक्त ओढून टाका. रक्त मोकळं, सहज येईपर्यंत. यात हवाही निघून जाते. मगच शीथ फ्लश करा. शीथमधून रक्त येतच नसेल तर ती बंद आहे असं समजा आणि तिच्यात काहीही मारू नका.

पायरी ८: बाहेर आल्यावर सफाई

टोक बाऊलमध्ये, ओल्या गॉझच्या खाली धरा. उघड्यावर फ्लश केलं तर अडकलेला गोळा सुटताना रक्ताचा फवारा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चष्मा हवाच. हबकडून लहान सिरिंजने जोर द्या. लहान सिरिंजमध्ये दाब जास्त तयार होतो. गोळा निघाला की थांबू नका. आणखी दोनदा फ्लश करा आणि धार बघा. आधी पाणी सरळ रेषेत उडत होतं, आता तिरकं किंवा फाटून उडत असेल, तर आत टोकाशी पांढुरकी फायब्रिनची साल चिकटलेली आहे. ती लाल नसल्यामुळे दिसत नाही. टोकाला चिमटीत गॉझ घेऊन फिरवा, योग्य जाडीची वायर पूर्ण लांबीतून काढा, पुन्हा फ्लश.

वाय-कनेक्टर आणि स्टॉपकॉक सोडवून वेगळे धुवा. कॅथेटर स्वच्छ आणि स्टॉपकॉकमध्ये पेरूच्या बीएवढा गोळा, हे वारंवार दिसतं. टोक चेपलेलं, नळी मुडपल्याची खूण, आवरण सोललेलं: यांपैकी काहीही दिसलं तर ते कॅथेटर परत आत जाणार नाही. परत जोडण्याआधी बाऊलमधली व्हॅक्यूम चाचणी पुन्हा करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

पुन्हा पुन्हा तुंबतंय, तेव्हा

एकाच जागी दोनदा सफाई करूनही तिसऱ्यांदा तेच होत असेल, तर अडचण सफाईत नाही. एसीटी ठीक, जोड ठीक, नळी सरळ, म्हणजे गुठळीच या पोकळीसाठी मोठी किंवा जुनी आहे. पर्याय असे: मोठ्या पोकळीचं कॅथेटर, गुठळीत उलगडून तिला धरणारी जाळी सक्शनसोबत, शिरांमध्ये भिंतीवरून खरवडून काढणारी साधनं, किंवा रक्तस्रावाचा धोका परवडत असेल तर कॅथेटरमधून गुठळी विरघळवणारं औषध देऊन काही तासांनी पुन्हा प्रयत्न. स्ट्रोकमध्ये असा वेळ नसतो, तिथे पद्धत लगेच बदलतात. गेलेलं रक्त मोजून बघा आणि रुग्णाला ते झेपतंय का हा प्रश्न याच वेळी विचारा. काही प्रणालींत ओढलेलं रक्त गाळून परत देण्याची सोय असते. ती वापरायची असेल तर सुरुवातीपासून तयार ठेवावी लागते, मध्येच सुचून उपयोग नाही.

शेवटी कॅनिस्टर ओतून गाळा. निघालेले तुकडे पांढऱ्या गॉझवर मांडून फोटो काढा आणि नोंदीत लिहा: रंग, चिवटपणा, कोणत्या खेपेला, कुठे अडकलं. तपासणीला पाठवायचे असतील तर त्याच वेळी फॉर्मलिनमध्ये घाला, कॅनिस्टरमध्ये तासभर राहिलेला तुकडा पॅथॉलॉजीवाल्यांच्या फारशा कामाचा राहत नाही.